बोडीची जागा

२९ नोव्हेंबर

टीना तीन दिवसांपासून मोबाईलवरच्या खेळात आलेली नाही. तिच्या नावापुढचा ठिपका करडा. तीन वर्षांत असं एकदाच झालं होतं, तिची आजी गेली तेव्हा. आणि तेव्हाही तिनं आधी कळवलं होतं — "ताई, चार दिवस बोडीले तूच चारा घाल."

रोज साडेसातला मी फुलचूरच्या या खोलीत पलंगावर बसते, ती तिकडं आमगावच्या पलीकडे गावात ओट्यावर बसते आणि आमची जोडी मैदानात उतरते. माझी ठिणगी, तिची बोडी. आज साडेसात ते आठ नुसती पडद्याकडे बघत बसले. सात फोन केले. बंद.

३० नोव्हेंबर

बंद.

२ डिसेंबर

लिहून टाकते. मंचावर जे बोलता येत नाही ते कुठंतरी ठेवावं लागतं.

टीना धान खरेदी केंद्रावर ऑपरेटर आहे. होती. गावाचं, केंद्र चालवणाऱ्या संस्थेचं नाव इथंही लिहीत नाही. सवय लावून घ्यायची आहे. पोतं चाळीस किलोचं धरतात, काट्यावर घेतात साडेएक्केचाळीस. संगणकात भरायचं चाळीस. काट्यातून निघणाऱ्या चिठ्ठ्या फेकून द्यायच्या असतात. टीनानं फेकल्या नाहीत. गेल्या हंगामापासून एका बिस्किटाच्या डब्यात जमवत गेली. दिवाळीत मला दाखवल्या. बोलली काहीच नाही, डबा उघडून समोर ठेवला फक्त.

२६ तारखेला संविधान दिनाची सभा होती. मी चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले, ते मला माहीत आहे. दीड किलो धान म्हणजे काय असतं, ते कोणाच्या ताटातून जातं, हे सांगताना मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

पण आमच्याकडे मंचाची एक रीत आहे. बोलण्याआधी नावं घ्यायची. अध्यक्ष, पाहुणे, माईकवाला, सतरंज्या घालणारी माणसं. इतर वक्ते उपचार म्हणून घेतात. माझा त्यावर विश्वास आहे. ज्यांची नावं कोणी घेत नाही त्यांची मोठ्यानं घ्यायची, हे मी दहा वर्षं गावोगाव सांगत आले. त्या रीतीनं मी म्हणाले, "आज मी जे सांगणार आहे ते मला एका मुलीमुळे कळलं." आणि टीनाचं नाव घेतलं. पूर्ण नावानिशी, गावानिशी. "तिच्यासाठी टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. तिसऱ्या ओळीत संस्थेचा एक संचालक बसला होता.

दुसऱ्या दिवशी टीनाला सांगण्यात आलं, चौकशी होईपर्यंत येऊ नको. मला ते टीनाकडून नाही, तिसऱ्याकडून कळलं.

५ डिसेंबर

कपाटात चारशे पुस्तकं आहेत. इतिहास, कायदे, क्रांत्या, चरित्रं. आज एकही उघडलं नाही. जिच्या तोंडात नाव राहत नाही अशा बाईबद्दल त्यांत काही नसावं.

खेळ कसा सुरू झाला ते आठवत होते. आमगावच्या अभ्यासिकेत टीना माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मी तासिकेवरची प्राध्यापक, नेट-सेटच्या पुढं काय याच्या शोधात. ती तलाठी परीक्षेच्या. जेवणाच्या सुट्टीत तिच्या मोबाईलवर हा खेळ पाहिला. दोन विरुद्ध दोन. प्रत्येकाचा एक प्राणी मैदानात. दर फेरीला चौघं आपापली चाल गुपचूप ठरवतात, मग चारही एकदम उलगडतात. सहा वर्षांची पोरंही खेळतात आणि बुद्धिबळवाल्यांचीही झोप उडते, असा.

पहिल्या दिवशी दोन प्राणी मिळतात. एक शेपटीला आग असलेलं मांजर. दुसरा शेवाळलेला, बसका, डोळे अर्धे मिटलेला. टीनाचं बोट मांजरावर होतं. मी म्हणाले, "आगीचं मी घेते, मला थांबवत नाही. तू ती हिरवी घे, तुझ्यात धीर आहे." ती म्हणाली, "बरं." हिरव्याचं नाव तिनंच ठेवलं. गावाबाहेरच्या बोडीसारखी, तळ्यासारखी दिसते म्हणून बोडी.

स्वभावच तसा तिचा. मागं राहण्याचा.

६ डिसेंबर

तिरोड्याला अभिवादन सभा. माईकसमोर उभी राहिले आणि नावं घेता येईनात. अध्यक्षांचं नाव समोर कागदावर लिहिलेलं होतं. जीभ उचलेना. थेट विषयाला हात घातला.

खाली उतरल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही सतरंजीवाल्याचं नाव घेता. आज आमचंही राहिलं."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर माझीच पिशवी.

९ डिसेंबर

ठिणगी घेऊन अनोळखी जोडीदारांबरोबर उतरले. पाच डाव, पाच हारी. ठिणगी तिसऱ्या फेरीत मरते. कधी दुसऱ्या. मला वाटायचं ठिणगी चिवट आहे. तीन वर्षं हेच वाटत होतं.

मग टीनाचं खातं उघडून बघितलं. जुने डाव तिथं साठवलेले असतात, पुन्हा बघता येतात. एका डावात मी चौदा वार केले होते. त्या डावात ठिणगीवर अकरा वार आले आणि अकराच्या अकरा बोडीनं अंगावर घेतले किंवा परतवले. मी ते पाहिलंच नव्हतं. मी समोर बघत होते.

डावाच्या शेवटी सर्वांत जास्त मारणाऱ्याला तारा मिळतो. माझे सहाशे बारा. टीनाचा एकही नाही. खेळ बनवणाऱ्यांनी राखणाऱ्यासाठी काही चिन्हच ठेवलेलं नाही. अशा व्यवस्थेविरुद्ध मी तासभर बोलू शकते. तीन वर्षं त्याच व्यवस्थेतले तारे गोळा करत होते.

ठिणगी बाजूला ठेवली. बोडीच्याच जातीचं एक अंडं घेतलं. नाव ठेवलं धुरा. धानाच्या दोन बांध्यांच्या, वाफ्यांच्या मधला मातीचा बांध. त्यावरून सगळे चालत जातात, पीक कोणी त्यावर मोजत नाही.

आजपासून मागची जागा माझी.

१० डिसेंबर

हरले.

११ डिसेंबर

हरले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

१३ डिसेंबर

राखणाऱ्या प्राण्याला चार चाली देता येतात. खेळात त्यांना इंग्रजी नावं आहेत, टीना आणि मी आमचीच वापरतो. ‘कवच’ — एका फेरीपुरता जोडीदारावर कोणाचाच वार लागत नाही. पण लागोपाठ दोनदा क्वचितच चालतं. ‘पाझर’ — दर फेरीला थोडं थोडं बरं करत राहणं. ‘चिखल’ — समोरच्यांची गती कमी करणं. आणि ‘हाक’ — धुरा ओरडतो आणि त्या फेरीतले सगळे वार त्याच्याकडेच येतात.

मी दर फेरीला हाक लावते. हात आपोआप तिकडंच जातो. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, बाकीचे सुरक्षित. मला ती चाल सुंदर वाटते.

बालाघाटचा एक जोडीदार मिळाला, श्यामलाल. रेल्वेत कसलंसं काम आहे, फाटक बंद असलं की खेळतो. चार डाव हरल्यावर त्यानं लिहिलं, "दीदी, बुरा मत मानिए. हर बार सबको अपनी तरफ़ मत बुलाइए. आप पहले मर जाती हैं, फिर मैं अकेला क्या करूँ?"

मी लिहिलं, तुम्हाला वाचवत होते.

"पूछ तो लेतीं. इस बार मुझे मार खाना था, अगली बार डबल मारता. मेरा वही प्लान था."

बराच वेळ उत्तर लिहीत बसले. पुसलं. त्याचं फाटक उघडलं असावं.

१७ डिसेंबर

गेले. राहवलं नाही.

टीनाच्या घरी दारातच तिची आई, सुलोचनाबाई, सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी चप्पल काढायच्या आत म्हणाल्या, "कायले आली आता?"

"टीनाला भेटायचं होतं."

"मामाच्या गावाले गेली. लग्नाची बोलणी चालू होती, तेही थांबली. पोरगी भाषणात गाजली म्हणते, असी सून नाही पाहिजे."

"फोन लागत नाही तिचा."

"फोन नाही तिच्याजवळ." सूप आपटलं. "तुले बोलाले टाळ्या भेटते, बाई. माह्या पोरीले काय भेटलं?"

मी काहीतरी बोलायला लागले. संस्थेविरुद्ध, कायद्यातल्या तरतुदींबद्दल. माझाच आवाज मला ऐकू आला, वाढत चाललेला. अंगणात एक कोंबडी दचकून पळाली. सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय बरं, घरातही भाषण करून राहिली."

टीनाचे वडील सेवकरामकाका आतून आले. पाण्याचा गडू ठेवला आणि पुन्हा आत गेले.

फोन नाही म्हणे. मला नाही सांगायचं असं साधं सरळ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

२० डिसेंबर

चौकशी समितीचं पत्र आलं. २९ तारखेला हजर राहा. भाषणातल्या आरोपांचा आधार लेखी द्या. माहिती कोणी पुरवली, त्या व्यक्तीचं नाव आणि तिनं दिलेली कागदपत्रं.

पोच द्यायला समितीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून चांगला आहे, माझी भाषणं ऐकणारा. हळूच म्हणाला, "मॅडम, भाषणात नाव आलं त्याचं काही नाही. हवेतलं आहे ते. तुम्ही कागदावर लिहून दिलं तर त्या पोरीवर शिक्का बसते. दप्तरातले कागद बाहेर नेले म्हणून. कायमची जाईन कामावरून."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर नाव काऊन घेतलं, ते तुम्हाले सांगा लागन."

२४ डिसेंबर

श्यामलालबरोबर पहिला डाव जिंकले. हाक एकदाही लावली नाही. पाझर, चिखल, पाझर, कवच. वाट बघणं. समोरचे दोघं काय करतील त्यापेक्षा शेजारचा काय करणार आहे याचा विचार करणं. तारा श्यामलालला मिळाला. मला इतका आनंद झाला की उठून चहा केला आणि दोन कप ओतले. दुसरा कप कोणाचा, हे लक्षात यायला वेळ लागला.

टीनाला सांगावंसं वाटलं — तू काय करत होतीस ते आता मला कळतं. ठिपका करडा.

२९ तारखेला काय बोलायचं ते ठरत नाही. नाव लिहून दिलं तर टीना संपते. गप्प राहिले तर ते म्हणतील नाव घेतलं म्हणजे तीच. एकच वाट उरते. मी आयुष्यात मंचावरून खोटं बोललेले नाही. चुकले असेन, खोटं नाही. माझ्याजवळ जमीन नाही, घर नाही, नवरा नाही, कायमची नोकरी नाही. शब्द आहे. लोक तो मानतात म्हणून पन्नास किलोमीटरवरून सायकलनं ऐकायला येतात.

तोच पुढं करायचा.

२९ डिसेंबर

तीन माणसं, एक रजिस्टर, पंखा बंद.

"टीना या कर्मचारी महिलेनं तुम्हाला काय माहिती दिली?"

"काही नाही."

"मग नाव घेतलंत ते?"

"टाळ्यांसाठी. गावातल्या मुलीचं नाव घेतलं की लोक पेटतात."

मधला माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याला पटलं नव्हतं. पण त्याला ते हवं होतं. "म्हणजे वजनाचं जे बोललात?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. चिठ्ठ्यांशिवाय वजनाला आधार काय?

"ऐकीव," मी म्हणाले.

"लिहा. सही करा."

सही केली. बाहेर पायऱ्यांवर बसले. सगळे वार माझ्याकडे आले. टीना वाचली.

३१ डिसेंबर

पेपरात दोन बोटं बातमी. ‘आरोप ऐकीव माहितीवर — वक्त्या महिलेची कबुली.’

दुपारी भोजराजभाऊंचा फोन. २६ नोव्हेंबरच्या सभेच्या सतरंज्या त्यांच्या घरून आल्या होत्या. सभेनंतर केंद्रावर जाऊन "माझं पोतं पुन्हा मोजा" म्हणणारा तो एकटा माणूस. त्या दिवसापासून त्याचं धान तिथं पडून आहे.

"ताई, रागावून नाही विचारत. काटा खोटा का तुम्ही खोट्या, एवढं सांगा फक्त. मले घरी सांगा लागते."

मी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

३ जानेवारी

आजच्या जयंतीच्या कार्यक्रमाला दर वर्षी मला बोलावतात. यंदा माझ्याच गल्लीत झाला. लाउडस्पीकरवर वक्त्याचं नाव ऐकलं. खिडकी लावून घेतली. आवाज तरी येतच होता.

६ जानेवारी

सुलोचनाबाईंचा फोन. "पोरगी आली परत. कामावर घेतलं तिले. चौकशी मिटली म्हणते." मग थोडं थांबून, "तू लिहून देल्लं म्हणून मिटली, असं तिचे बाबा म्हणत होते. आता पुन्हा काही नको करजो, बाई."

"नाही करणार."

वाचली. नोकरी आहे. झालं. जे हवं होतं ते झालं. हे पाच वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं, रिकाम्या खोलीत. माझा आवाज खोलीत मोठा वाटतो.

८ जानेवारी

श्यामलालही आला नाही. धुऱ्याला एकट्यालाच सरावाच्या मैदानात उभं केलं. समोर मातीचे बाहुले. शेजारी कोणी नसलं की राखणाऱ्याच्या चारपैकी तीन चाली चालतच नाहीत. पडद्यावर ओळ येते — जोडीदार नाही.

११ जानेवारी

ठिपका हिरवा झाला. साडेसातला. मी बोलवलं तर नको असेल, म्हणून तिच्या बोलावण्याची वाट बघितली. चार मिनिटांनी पुन्हा करडा.

तिचं खातं उघडलं. बोडी नाही. संघातून काढून टाकली आहे. जागा रिकामी.

नोकरी वाचली, जोडी गेली. हे मी ठरवून केलेलं आहे, तेव्हा रडायचं कारण नाही. रडले.

१२ जानेवारी

दुपारी टीनाचा निरोप. तसाच उतरवून ठेवते.

"ताई, फोन बाबांनी पेटीत बंद करून ठेवला होता. काल भेटला. आई होती, म्हणून लगेच बंद केला. तू नाव घेतलं त्याचा राग नव्हता मले. टाळ्या वाजल्या ते कळलं होतं, मी मामाच्या घरी सगळ्याईले सांगत होती. राग आता आला, तो कागद पाहून. माह्या चिठ्ठ्या खऱ्या हायेत. तू त्याईले ऐकीव केलं. एक डाव विचारलं तरी असतं. उद्या अकराले कचेरीत डबा देऊन राहिली, माह्या सहीनं. भोजराजभाऊ येऊन राहिले. नोकरी जाईन तर जाईन. तू ये. बोलजो नको, माह्या मांगं उभी राहजो. आन् बोडी मी काढली. मले पयल्या दिवशी आगीचीच पाहिजे होती."

उद्या माझी २९ तारखेची सही खोटी ठरेल, माझ्यासमोर. जाणार.

धुऱ्याची हाक काढून टाकली. साडेसातला मैदानात उतरलो. तिच्याजवळ नवं मांजर, शेपटीला आग, अजून नाव नाही. मी लिहिलं, "पहिल्या फेरीत मी काय करू?"

ती लिहून राहिली आहे. मी थांबले आहे.